उल्हासनगरचा मेकॅनिक

आमच्या घरात बरीच वर्षं उल्हासनगरचा एक मेकॅनिक राहत होता. त्याला कोणी पाहिलेलं नव्हतं. पण अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत ज्यांचा ज्यांचा साउंडचा धंदा होता, त्या सगळ्यांना तो ठाऊक होता. लोक त्याच्या तब्येतीची चौकशी करायचे. दिवाळीला कोणी त्याच्यासाठी मिठाईचा पुडा पाठवायचं. तो पुडा आम्हीच संपवायचो, कारण तो मेकॅनिक म्हणजे मी होते.

सुरुवातीला मलाही याची गंमत वाटायची, नाही असं नाही. पण गंमत किती दिवस वाटणार? आपल्या हातचं जेवून लोक शेजारणीचं कौतुक करत राहिले, तर एक दिवस पोळपाट आपटावासा वाटतोच.

लग्नाआधी मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत कामाला होते. तिथे रेडिओ आणि टीव्हीचे व्हॉल्यूम कंट्रोल बनायचे. आपण बाहेरून बटण फिरवतो तेव्हा आत कार्बनच्या एका काळ्या पट्टीवरून पितळेची बारीक बोटं सरकत असतात आणि आवाज कमी-जास्त होतो. एवढाच खेळ. आमच्या लाइनवर सगळ्या मुलीच होत्या. बायकांची बोटं नाजूक असतात म्हणून त्यांना घेतो, असं साहेब म्हणायचे. बायका युनियनच्या भानगडीत पडणार नाहीत असा त्यांचा हिशेब होता, हे आम्हाला कळत होतं. दिवसभर भिंगाखाली पट्ट्या बघून बघून माझी त्यांच्यावर नजरच बसली. चांगली पट्टी शाळेच्या पाटीसारखी मंद दिसते, आणि चकाकायला लागली की ती झिजली असं समजायचं. पुढे कंपनीला टाळं लागलं, माझं लग्न झालं आणि ती नजर माझ्याजवळ नुसती पडून राहिली.

आमच्या यांचा लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. लग्न, बारसं, साखरपुडा, वस्तीतली जयंती. मग कर्णे गेले, मोठे बॉक्स आले, आणि नव्वद सालानंतर सगळ्यांनाच डीजे व्हायचं होतं. यांनीही मिक्सर आणला. मिक्सर म्हणजे दोन कॅसेट डेक आणि माइक यांचे आवाज एकत्र करणारी पेटी. तिच्यावर आवाज वर-खाली करायला सरकत्या मुठी असतात, त्यांना फेडर म्हणतात. ती पेटी घरात आली तेव्हा यांनी तिला हार घातला. आमच्या लग्नात मला पडला होता त्याहून तो मोठा होता.

लग्नसराई संपेपर्यंत त्या फेडरांनी जीव सोडला. मूठ सरकवली की खरखर, मध्येच आवाज गुल, मध्येच एकदम कानठळ्या. हे मिक्सर घेऊन उल्हासनगरला कॅम्पात गेले. तिथल्या दुकानदाराने वरवर बघितलं आणि म्हणाला, "साईं, नया डालो. ये अब नहीं बनेगा." आणि नवा फेडर काही त्याच्याकडे नव्हता. हे तोंड पाडून घरी आले आणि पेटी कोपऱ्यात ढकलून बाहेर निघून गेले.

दुपारी भांडी आवरल्यावर मी ती उघडली. फेडर काढला, त्याच्या पत्र्याचे वाकवलेले कान सुरीच्या टोकाने सरळ केले आणि आतली पट्टी बाहेर घेतली. बघते तर माझीच जुनी ओळखीची पट्टी. कंपनीत गोल होती, इथे लांब, एवढाच फरक. मधोमध पार चकाकलेली, पण दोन्ही कडांना अजून मंद काळी. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या मलमलीच्या चिंधीने ती हलक्या हाताने पुसली. मग टाचणीने पितळेची बोटं जराशी बाजूला वाकवली, म्हणजे ती झिजलेल्या जागेवरून न जाता कडेने जातील. रस्त्याच्या मधोमध खड्डा पडला की रिक्षावाला कडेने घेतो, तसं. आणि शंका नको म्हणून, ज्या फेडरला कधी कोणी हात लावत नव्हतं तो काढून मुख्य जागी बसवला.

संध्याकाळी यांनी मूठ वर सरकवली, खाली सरकवली. खरखरीचं नाव नाही. पुन्हा सरकवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कोणाला सांगू नको हां."

पहिलं वाक्य हे. मी आजपर्यंत ते विसरले नाही.

"का?" मी विचारलं.

"अगं, बाईने उघडलाय म्हटलं तर उद्या कोण मिक्सर देईल आपल्याकडे? म्हणतील शेगडीवर ठेवून तापवला."

तोवर आपल्याकडे मिक्सर येतील हे माझ्या डोक्यातही नव्हतं. यांच्या मात्र आलं होतं. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात कोणीतरी विचारलं, एवढा साफ आवाज कुणी करून दिला? हे म्हणाले, "उल्हासनगरला आपला एक माणूस आहे."

उल्हासनगरला काहीही बनतं आणि काहीही दुरुस्त होतं, यावर आमच्याकडे लोकांचा देवापेक्षा जास्त विश्वास. त्यामुळे पुढे कोणी काही विचारलं नाही. मिक्सर यायला लागले. गिऱ्हाईक पेटी आणून देई. हे ती गोणपाटात बांधून चाळीच्या पुढच्या दाराने, चार लोकांच्या देखत रिक्षात घालत, स्टेशनाजवळ जाऊन चहा पीत आणि मागच्या बाजूने मोरीच्या दारातून परत आणत. ती स्वयंपाकघरात माझ्यापुढे येई. दोन दिवसांनी पुन्हा हीच मिरवणूक उलटी. त्या पेट्यांनी रिक्षाचा जेवढा प्रवास केला तेवढा माझ्या नशिबी नव्हता.

काम मला आवडायचं. हे मी सरळच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. पेटी उघडली की ती कुठे कुठे वाजून आली ते कळायचं. गणपतीत वाजलेली असेल तर आत गुलाबी गुलाल. आमच्या जयंतीला वाजलेली असेल तर निळा. जांभूळ गावच्या आगरी हळदीतून आलेली असेल तर फेडरच्या फटीत ओली हळद जाऊन घट्ट बसलेली, आणि सोबत तांदळाचे दोन-चार दाणे. एकदा तर आत नवरीच्या मुंडावळीचा मोती सापडला. लोकांची लग्नं मी अशी आतून बघत होते. हळद सगळ्यात वाईट. ती स्पिरिटने पसरते. आधी कोरड्या ब्रशने खरवडावी लागते, तेही पट्टीला धक्का न लावता.

बाकीचे मेकॅनिक काय करायचे ते पेटी उघडल्यावर दिसायचंच. कोणी झिजलेल्या पट्टीवर पेन्सिलचं शिसं घासून दिलेलं असे. ते चार दिवस चालतं. आणि बहुतेकांनी घातलेलं असे शिलाई मशीनचं तेल. आमच्या भागात घरोघरी शिलाईची कामं, उल्हासनगरच्या कारखान्यांतून येणाऱ्या जीन्सचे गठ्ठे, त्यामुळे खिडकीत त्या तेलाची कुपी हमखास. दाराची कडी अडली, घाला तेल. पंखा कुरकुरला, घाला तेल. फेडरलाही तेच. तेल घातल्याबरोबर मूठ लोण्यासारखी सरकते, खरखर थांबते आणि माणूस खूश होतो. मग त्या तेलात धूळ आणि गुलाल बसून चिखल होतो आणि तो चिखल पट्टी खाऊन टाकतो. असा तेलाचा फेडर आला की मी बसल्या जागी शिव्या द्यायचे. मनातल्या मनात, कारण मेकॅनिक उल्हासनगरला होता.

आणि त्या मेकॅनिकचं तर काय विचारता! लोक विचारत गेले आणि हे रंगवत गेले. तो म्हातारा सिंधी झाला. त्याला सगळे चाचा म्हणायला लागले. चाचा कोणाला भेटत नाही, चाचाचं डोकं फिरलेलं आहे, चाचा फक्त आपल्यालाच ओळखतो. मला ताप आला की चाचा आजारी. माझ्या माहेरी लग्न निघालं की चाचा बाहेरगावी. मुलीच्या वेळी मला दिवस भरत आले, वाकता येईना, तेव्हा चाचा तीर्थयात्रेला गेला. बाळंतपण उरकून मी पुन्हा बसले त्या आठवड्यात एक गिऱ्हाईक यांना म्हणालं, "यात्रेवरून आल्यापासून चाचाचा हात अजून साफ झालाय." मी आत मुलीला पाजत होते. मला हसू आलं नाही.

मी भांडलेही. हे म्हणायचे, "टेन्शन कशाला घेतेस? गाळा होऊ दे. गाळा झाला की तुझं टेबल तिथे. मग सांगू सगळ्यांना."

त्या टेबलाने मला इतकी वर्षं गप्प बसवलं. मला दुसरं काही नको होतं. दागिना नको होता, साडी नको होती. दुकानात पुढच्या बाजूला एक टेबल, लोकांना दिसेल असं, आणि त्यावर काम करणारी मी. स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून काम करून पाठीचा कणा गेला होता. टेबल कसं हवं हे मी ठरवून ठेवलं होतं. उजेड डावीकडून यावा. उंची माझ्या कोपराला बरोबर लागेल एवढी. कडेला बारीक पट्टी मारलेली, म्हणजे स्क्रू घरंगळणार नाहीत. यांनी ते सगळं ऐकून घेतलं होतं, हेही सांगायला हवं.

बदलापूरला स्टेशनाच्या पश्चिमेला गाळा झाला. उद्घाटनाच्या सकाळी मी इस्त्रीची साडी नेसून, माझा ब्रश, चिमटा, सोल्डरिंगची सळई असं सगळं डब्यात भरून गेले. टेबल होतं. सुताराने सांगितलं तसंच केलं होतं. डावीकडून उजेड, कडेला पट्टी, आणि उंची माझ्या कोपराला बरोबर. त्यामागे माझा धाकटा दीर बसला होता. चांगला उंच गडी, त्याचे गुडघे टेबलाखाली मावत नव्हते.

मी यांच्याकडे बघितलं. हे मला बाजूला घेऊन म्हणाले, "तो बेकार फिरतोय, आई मागे लागलीय. आणि स्टेशनरोडला तू बसणार, येणारे-जाणारे, पोरांच्या टोळ्या... समाजात बरं दिसत नाही."

समाजात! आमच्या समाजात जयंतीला स्टेजवर येणारा प्रत्येक जण बाईने शिकावं, बाईने पुढे यावं, यावर बोलल्याशिवाय खाली उतरत नाही. आणि तो ज्या माइकवरून बोलायचा त्याचा फेडर मी आदल्या दिवशी पुसलेला असायचा. मी ती भाषणं पुढच्या रांगेत पांढऱ्या साडीत बसून ऐकली आहेत, टाळ्या वाजवल्या आहेत. यांनीही वाजवल्या आहेत.

उद्घाटनाला पेढे मीच वाटले. माझ्या हत्यारांचा डबा पदराखाली तसाच घरी आणला. त्या दिवशी मी रडले, आणि नंतर त्यासाठी कधीच रडले नाही.

दिराला काम येत नव्हतं, त्यामुळे पेट्या आता गाळ्यावरून घरी यायच्या. दीर हुशार नव्हता असं नाही, पण त्याला बसवत नव्हतं. शिकवते म्हटलं तर म्हणायचा, "वहिनी, तुम्ही फक्त करून द्या ना." पुढे ते त्याच्याच मनाला बोचायला लागलं. गिऱ्हाईक गाळ्यावर येऊन सांगायचं, तू हात लावू नको, चाचाकडे पाठव. टेबलावर बसून रोज हे ऐकायचं. त्याने यांच्यामागे धोशा लावला, आणि मग दोघा भावांनी मिळून ठरवलं. मला विचारलं नाही. विचारायचं काय, माझा संबंध कुठे होता?

मला कळलं ते असं. एका दुपारी चामटोलीचा डीजेवाला घरी आला. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, मनाने चांगला माणूस. दारातच चपला काढून तो यांच्यासमोर मान खाली घालून बसला. मला वाटलं त्याच्याकडे कोणी गेलं. मी पाणी दिलं, चहाचं आधण ठेवलं.

"काय सांगू दादा," तो म्हणाला, "ऐकलं आनि हातपाय गळाले. असा मानूस पुन्हा होनार नाय. आमचा मिक्सर दुसऱ्या कोनाच्या हाताला लागतच नव्हता."

"हो ना," हे म्हणाले. "झोपेतच गेला. चाचाचं वयही झालं होतं."

मी ओट्याशी उभी होते. आधण उकळून वर आलं, गॅस बारीक करायचंही सुचलं नाही.

"मग आता?"

"आता भाऊ करेल. चाचाच्या हाताखाली शिकलाय तो."

चहा मी नेऊन दिला. त्या भल्या माणसाने कप हातात घेतला आणि विचारलं, "दादा, त्याच्या मागं कोन हाय का? बायको-बियको? नाय म्हनजे, आमी डीजेवाले मिलून कायतरी करू तिच्यासाठी. त्यानं आमचं लय केलं."

हे माझ्याकडे बघूही शकले असते. मी दोन हातांवर होते, हातात ट्रे घेऊन.

"नाही," हे म्हणाले. "एकटाच होता. बायको नव्हती त्याला."

तो चामटोलीवाला निघताना मला म्हणाला, "वैनी, तुमाला पन वाईट वाटलं दिसतंय." मी म्हटलं, "ओळखीचा होता."

त्यानंतर पेट्या घरी येणं बंद झालं. दीर त्याच्या परीने करत राहिला. त्याने काय केलं असणार ते मला बघायला जायची गरज नव्हती. आमच्या सासूबाईंच्या शिलाई मशीनची कुपी खिडकीतून गायब झाली तेव्हाच मला कळलं. सुरुवातीला लोक खूश होते. मूठ लोण्यासारखी सरकते म्हणाले. मग हळूहळू पेट्या परत यायला लागल्या, मग यायच्या बंद झाल्या.

जयंती तोंडावर आली. आमच्याच वस्तीचा कार्यक्रम, साउंड दरवर्षी आमचाच, त्यात पैशाचा विषयच नसायचा, तो मान होता. आदल्या दिवशी दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते. हे मोरीच्या दाराने आले. किती महिन्यांनी ते गोणपाट बघितलं मी. हे खाली बसले, गाठ सोडली आणि पेटी माझ्यापुढे सरकवली. आमचा पहिला मिक्सर होता तो, हार घातलेला. मी नुसती मूठ सरकवून बघितली. तेलाचा चिखल बोटाला लागला.

"माइकचा फेडर पार गेलाय," हे म्हणाले. "उद्या संध्याकाळी लागणार. बघ ना जरा."

मला ते जमलं असतं. पट्टीची एक कड अजून शिल्लक असेल हे मला न उघडताही सांगता आलं असतं. हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू. आणि ते काम यांचं नव्हतं, आपल्या जयंतीचं होतं, हेही डोक्यात होतं.

मी बोट पदराला पुसलं. "कोण करणार?" मी म्हटलं. "तो तर वारला."

"अगं, आता मस्करी नको."

"मस्करी कसली? तुम्हीच गाळ्यावर सांगितलंत. लोक दुखवट्याला येऊन गेले, मी चहा केला."

यांनी मोरीच्या दाराकडे एकदा बघून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "कोणाला कळणार नाही गं. मी मागूनच आणलाय."

इतक्या वर्षांनी, सगळं होऊन गेल्यावरही, यांना वाटत होतं की मला कोणाला कळायची भीती आहे. मी गोणपाटाची गाठ पुन्हा बांधली, चांगली घट्ट, आणि पेटी यांच्याकडे सरकवली.

"तो एकटाच होता," मी म्हटलं. "बायको नव्हती त्याला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पांढरी साडी नेसून मुलीला घेऊन पुढच्या रांगेत बसले. वंदना झाली ती बिनमाइकची, सगळ्यांनी मिळून म्हटली, छान झाली. मग पाहुणे उभे राहिले. बाईने शिकलं पाहिजे, असं त्यांनी सुरू केलं आणि माइक खरखरायला लागला. एक शब्द यायचा, दोन गिळले जायचे. दीर मुठीशी झटत होता. हे मिक्सरच्या टेबलामागून बायकांच्या रांगेत मला शोधत होते, आणि एकदा आमची नजरानजर झालीही. मी बघत राहिले.

शेजारी बसलेली बाई वैतागून म्हणाली, "यांचा तो उल्हासनगरवाला म्हातारा गेला आणि सगळी वाट लागली बघ."

माझ्या मुलीने मान वर करून माझ्याकडे बघितलं. ती जन्मापासून स्वयंपाकघरात माझ्या शेजारी बसलेली, टाचण्या आणि चिंध्या हातात देणारी. तिला सगळं ठाऊक होतं. ती काही बोलणार तोच मी तिचा हात दाबला, आणि दाबल्यावर माझ्या लक्षात आलं की यांनी मला पहिल्या दिवशी जे सांगितलं होतं, तेच मी तिला सांगतेय.

मी तिचा हात सोडला. "बोल," मी म्हटलं.

"तो म्हातारा नव्हताच," मुलगी शेजारच्या बाईला म्हणाली, चांगल्या मोठ्या आवाजात. "आई होती."

त्या बाईने माझ्याकडे बघितलं, मग मुलीकडे, आणि हसून तिचा गालगुच्चा घेतला. "गोड आहे हं तुझी पोरगी," ती मला म्हणाली, आणि स्टेजकडे वळून पुढचं भाषण ऐकायला लागली.